आटवायचं बोंडलं

सोमवार, ४ मार्च

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, दोन ओळी. ‘आईची औषधं चुकवू नकोस. ते भांडं आटवलंस का?’ पहिल्याचं उत्तर, चुकवत नाही. दुसऱ्याचं, अजून नाही.

तू फोन का करत नाहीस, असं तुझी आई रोज विचारते. मी तिला म्हटलं, फोनवर तुमचा मुलगा गप्प बसतो, मग मी गप्प बसते, आणि दोघं मिळून त्याच्या बोगद्यातल्या यंत्राची घरघर ऐकतो. पत्रात निदान एक जण तरी बोलतो. त्यावर ती म्हणाली, “तुम्ही दोघांनीही मिठाची गुळणी धरलीय.” मग तिची मालिका लागली आणि तो विषय तिथेच राहिला.

भट्टीत घालून आटवायचं राहिलं, कारण दुकानातल्या काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. भट्टीला ते मला एकटीला हात लावू देत नाहीत. दुकान त्यांचं, भट्टी त्यांची आणि हट्टही त्यांचाच. एका डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून काउंटरमागे बसतात आणि येईल त्याला सांगतात की चांदी पारखायला एक डोळा पुरतो. काल त्यांनी एका बाईंना जर्मन सिल्व्हरचा ट्रे चांदीचा म्हणून दाखवला. मी मागून खोकले, तेव्हा थांबले.

सध्या माझ्या टेबलावर एक पेटी आहे. कुणा जुन्या डॉक्टरांच्या घरातून आलेली. आत नुसती भरवायची भांडी, सगळी चांदीची, तान्ह्या बाळांची आणि आजाऱ्यांची. काकांनीच ती माझ्यासमोर आणून ठेवली. दुसऱ्या कुणी ठेवली असती तर मला राग आला असता. काका मुद्दाम काहीच करत नाहीत, त्यांचं सगळं चुकून होतं.

मी त्यांची वाटणी करते आहे. बाळांची ती होडीसारखी पसरट, एका टोकाला चोच. आजाऱ्यांची पेल्यासारखी, वर झाकण आणि पुढे लांब तोटी, म्हणजे आडव्या माणसाच्या अंगावर सांडत नाही. लोक दोन्हींना बोंडलंच म्हणतात. फरक ओळखायचा तर तोटीचं टोक बघायचं. बाळाच्या ओठांनी चांदी झिजते, गुळगुळीत होते. आजारी माणूस चावतो. त्याच्या तोटीच्या कडेला बारीक खळगे असतात. काका म्हणतात, ते ठोकून सरळ कर. मी हो म्हणते आणि करत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला राग काढायला तेवढीच जागा मिळाली असेल, ती कशाला बुजवायची?

आपलं भांडं आजाऱ्याचंच होतं. तू एकदा विचारलं होतंस, बाळाला म्हाताऱ्याचं भांडं कशाला? त्याचं पोट सगळीकडून बंद आणि झाकणाला एक बारीक भोक, म्हणून. भोकावर अंगठा ठेवला की दूध थांबतं, उचलला की वाहतं. टाळू फाटलेल्या बाळाला चोखता येत नाही. त्याला थांबणारं दूध लागतं. त्या मऊ बाटल्या आपण सगळ्या करून पाहिल्या होत्या, निम्मं दूध नाकातून परत यायचं.

कशी लिहिते आहे बघ, जसं काही गिऱ्हाइकालाच समजावते आहे.

ते दुकानातल्या कपाटात मागच्या रांगेत आहे. बाळ गेल्यावर तू एकदाच बोललास, ‘त्या भांड्यानेच नेलं त्याला.’ मी काही म्हटलं नाही. मग तू बोगद्याच्या कामावर गेलास आणि तिथलाच झालास. मी अजूनही काही म्हणत नाही. पुढच्या आठवड्यात आटवते.

तुझ्या आईचे आशीर्वाद. तिने सांगितलेले नाहीत, मीच लिहिते आहे.

— मी


बुधवार, १३ मार्च

आटवलं.

विशेष सांगण्यासारखं काही नाही. चांदी आटताना आधी काळवंडते, मग सुरकुतते आणि मग एकदम चकचकीत होते. तू कधी पाहिलं नाहीस म्हणून लिहिलं.

मला काही वाटलं का, असं तू विचारणार नाहीस, तरी सांगते. नाही वाटलं. हल्ली वाटतच नाही. परवा इस्त्री बोटाला टेकली होती, तर तुझ्या आईने ओरडून सांगितलं. मी बोटाकडे बघत उभी होते म्हणे. बोट बरं आहे.

तुझ्या आईने आज साहेबांची दुपटी कपाटातून काढली आणि गॅलरीत उन्हात टाकली. दूध एक मिनिट उशिरा आलं की सगळ्या घराला मेमो देणारे आपले साहेब. ते नाव तिनेच ठेवलेलं आणि आता तीच ते उच्चारत नाही. संध्याकाळी सगळ्या दुपट्यांच्या पुन्हा घड्या घातल्या आणि जिथल्या तिथे ठेवल्या. मी विचारलं, कशाला? म्हणाली, “कसर लागते.” त्यानंतर तिने चहा केला. माझ्या कपात दोनदा साखर घातली. मी तो प्याले.

तू भांडं आटव म्हणालास, आटवलं. आता दुसरं काही असेल तर कळव.

— मी


गुरुवार, २१ मार्च

मागच्या पत्रात खोटं लिहिलं होतं. भांडं आटवलेलं नाही. विकलं गेलं, आणि आज परत आलं.

सविस्तर सांगते. काकांनी आवराआवरी करताना ते मागच्या रांगेतून काढलं. झाकणाला भोक दिसलं. चांदीत भोक दिसलं की काकांचा हात डाखाकडे जातो. आयुष्यभर त्यांनी तेच केलं आहे, फुटकं सांधायचं, गळकं बुजवायचं. त्यांनी ते डाख लावून बुजवलं, वरून घासून सपाट केलं, एका डोळ्याने, आणि मानलं पाहिजे, जागा सापडत नव्हती. मग लखलखीत करून शोकेसमध्ये ठेवलं.

मी ते तेव्हाच पाहिलं होतं. बोलले नाही. मला वाटलं, बरंच झालं. भोक गेलं म्हणजे ते शोभेचं झालं. आता त्यातून कुणी कुणाला काही पाजणार नाही. तू आटव म्हणालास, त्यातलाच हा एक प्रकार. म्हणून तुला आटवलं असं लिहिलं. मला ते फारसं खोटं वाटलं नव्हतं.

मंगळवारी मी तुझ्या आईला दाताच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. तेवढ्यात एक जोडपं आलं आणि भांडं घेऊन गेलं. घरी कोण आहे, कशाला हवं, काकांनी काही विचारलं नाही. चांदी घेणाऱ्याला कशाला म्हणून कोण विचारतं?

आज सकाळी त्यातला नवरा परत आला. बसचा ड्रायव्हर आहे, गणवेशातच होता. बस दुकानासमोर उभी केली होती आणि खिडक्यांतून माणसं आमच्याकडे बघत होती.

“ताई, हे चालत नाही,” तो म्हणाला.

“चांदीचं भांडं आहे, चालायला त्याला काय पाय आहेत?” काका म्हणाले.

“दूध येतच नाही. तिरकं केलं की थांबतं, आणखी तिरकं केलं की भसकन येतं. काल पोराला असा ठसका लागला, निळं पडलं होतं. बायको तेव्हापासून हात लावत नाही याला.”

मी हातातली कानस खाली ठेवली. “यातून तुम्ही बाळाला पाजलंत?”

“मग कशाला घेतलं? टाळू फाटलीय त्याची. बाटल्या सगळ्या आणून झाल्या. वजन भरल्याशिवाय ऑपरेशन करत नाहीत म्हणे, आणि वजन तर उतरतंय. हॉस्पिटलातल्या सिस्टर म्हणाल्या, मागे एक बाई यायच्या, त्या असल्याच जुन्या चांदीच्या भांड्यातून पाजायच्या. तोटीचं, झाकणाचं. त्यांच्या बाळाचं वजन छान वाढत होतं. तसलं कुठे मिळालं तर बघा.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी भांड्याकडे.

“त्या बाई कुठे राहतात, तुम्हाला काही माहीत आहे का हो? तुमचा धंदाच हा. त्यांना विचारलं असतं, कसं पाजायच्या.”

“नाही माहीत,” मी म्हटलं.

“आणि त्यांच्या बाळाचं झालं का ऑपरेशन?”

“तेही माहीत नाही.”

बाहेर कुणीतरी बसचा हॉर्न वाजवला. प्रवासीच असणार. त्याने भांडं काउंटरवर ठेवलं, काकांच्या पॅडवर नंबर लिहिला आणि म्हणाला, “काही करता आलं तर आजच कळवा. भुकेलं पोर वाट बघत नाही, ताई.” मग गेला.

काका बराच वेळ त्या झाकणावर बोट फिरवत होते. “मला वाटलं, झिजून पडलंय,” ते म्हणाले. “खोट आहे असं वाटलं गं मला.” मी म्हटलं, तुम्ही काय करणार, चांदीच्या दुकानात भोक म्हणजे खोटच. ते डोळ्यावरची पट्टी काढून पुसत बसले. पट्टी कशी पुसतात, देव जाणे.

तर भांडं आता माझ्यासमोर आहे. तुझं म्हणणं खरं असेल तर ते आजच भट्टीत जायला हवं. खरं नसेल तर आजच भोक उघडून त्या घरी जायला हवं. दोन्हीपैकी काय, ते मला माहीत नाही. आजवर मी विचारलेलं नाही. का नाही विचारलं ते तुला ठाऊक आहे, किंवा नाही. उत्तर काहीही आलं असतं तरी आपल्या घरातल्या कुणाच्या तरी अंगावर येऊन पडलं असतं. न विचारता दिवस जात होते, जाऊ दिले.

आज त्या माणसाला ‘माहीत नाही’ म्हणताना माझा आवाज अगदी नेहमीसारखा होता. त्याची मला भीती वाटली.

— मी


शनिवार, २३ मार्च

तुझ्या उत्तरासाठी थांबले नाही. ते काय येईल ते पाठ आहे. तू तिकडे डोंगराच्या पोटात बसून सांगणार, आटव. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं?

काल हॉस्पिटलमध्ये गेले. तेच ते, तिसरा मजला. वाटलं होतं, पाय अडखळतील. कुठले अडखळतात? सराईतासारखी गेले. बाळांच्या डॉक्टरीणबाई त्याच खोलीत, त्याच टेबलामागे. भिंतीवरचं जिराफाचं चित्र आता एका बाजूने सुटलं आहे. त्यांनी मला ओळखलं आणि खुर्ची दाखवली. मी उभ्याउभ्याच विचारलं.

“माझा मुलगा कशाने गेला?”

त्यांनी चष्मा काढला. “हृदयाने. टाळू फाटलेल्या काही बाळांच्या हृदयातही दोष असतो. त्याच्या होता, जन्मापासूनच. आपण त्याला जपत होतो, पण त्या संध्याकाळी ते थांबलं.”

“दूध छातीत गेलं नव्हतं?”

“नाही.”

“थोडंसंही? दुपारी कुणी चुकीचं पाजलं असेल तर?”

“नाही हो. फुप्फुसं स्वच्छ होती, मी स्वतः एक्स-रे पाहिला. पण हे मी तुम्हाला सांगितलं होतं.”

“मला?”

“तुम्हा दोघांनाही. त्याच दिवशी, बाहेर लिफ्टपाशी. सगळं नीट समजावून सांगितलं होतं. तुम्ही दोघंही मान हलवत होतात.”

मला तिथलं आठवतं. लिफ्टच्या दारात कुणाची तरी बादली अडकली होती. दार मिटायला जायचं, बादलीला लागायचं आणि पुन्हा उघडायचं. मी त्या दाराकडे बघत होते. एक बाई आली, तिने पायाने बादली सरकवली आणि दार मिटलं. डॉक्टरीणबाई समोर होत्या, त्यांचे ओठ हलत होते, हेही आठवतं. शब्द एकही आठवत नाही. मान हलवल्याचं तर मुळीच नाही. तुला काय ऐकू आलं होतं? तूही माझ्या शेजारीच उभा होतास.

म्हणजे आपल्याला सांगून झालेलं होतं. पहिल्याच दिवशी. त्यानंतर तू म्हणालास ते भांड्याचं वाक्य, मग तुझं जाणं, तुझी दोन-दोन ओळींची पत्रं आणि माझं गप्प राहणं, हे सगळं उत्तर मिळाल्यानंतरचं आहे.

हे ऐकून मला रडू यायला हवं होतं. नाही आलं. भूक लागली. अशी की तिथल्या कँटीनमध्ये उभ्याने चार टोस्ट खाल्ले आणि वर दोन कप चहा. शेजारच्या माणसाने सरकून जागा करून दिली. त्याला वाटलं असेल, कुणाकडे तरी पेढे वाटण्याजोगं झालेलं दिसतंय.

निघण्याआधी मी डॉक्टरीणबाईंना त्या दुसऱ्या बाळाचं विचारलं. तसल्या भांड्यातून पाजलं तर चालेल का? त्या म्हणाल्या, ताठ बसवून, थोडं थोडं, गिळलं का बघत, आणि भोक उघडं असेल तर चालेल. “पण कुणीतरी शिकवायला हवं. वाचून येणारी गोष्ट नाही ती. तुमच्या बाळाचं वजन वाढत होतं, हे आमची सिस्टर अजून सगळ्या आयांना सांगते. तुम्ही शिकवाल?”

मी हो म्हटलं नाही. मान हलवली. मग लक्षात आलं, आणि तोंडाने हो म्हटलं.

घरी आल्यावर तुझ्या आईला सांगितलं. ती टीव्ही बंद करून बसली होती, म्हणजे तिला काहीतरी वास लागला असणार. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “त्याला कळवलंस?” मी म्हटलं, लिहिते आहे. “लिही. मोठ्या अक्षरात लिही, त्याला बारीक दिसत नाही.” मग आत गेली आणि दार लावून घेतलं. रडत होती. मी बाहेर बसून ते ऐकत होते आणि मला तिचा हेवा वाटला.

म्हणून मोठ्या अक्षरात पुन्हा लिहिते. दुधाने नाही. हृदयाने.

— मी


सोमवार, २५ मार्च

काल दुकानाला सुट्टी, तरी काकांनी शटर उघडलं. “मी बुजवलं, मीच उघडतो,” असा त्यांचा आग्रह. मी म्हटलं, पारखायला एक डोळा पुरत असेल, भोक पाडायला दोन लागतात. शेवटी त्यांनी दिवा धरला आणि गिरमिट मी चालवलं.

डाख मऊ असतो, चांदी कठीण. हाताला फरक कळतो. जिथे मऊ लागलं तिथे मूळचं भोक. मी डाखाचा कण न् कण काढला, कारण त्यात काय काय असतं ते पोटात जायला नको. कडा गोल केल्या, जीभ लावून पाहिली, मग भांडं उकळलं. पाणी भरून अंगठा ठेवला. थांबलं. उचलला. धार आली. काका म्हणाले, “वा!” जसं काही पहिल्यांदाच चांदी बघत होते.

ड्रायव्हरचं घर सायकलच्या दुकानावर आहे. एक खोली, पडदा लावून तिच्या दोन केलेल्या. दोरीवर त्याचा गणवेश वाळत होता. त्याची बायको पलंगावर बाळाला घेऊन बसली होती. बाळाचं तोंड मी पाहिलं. बघायचं नाही असं जिन्यातच ठरवलं होतं, पण पाहिलं.

ती म्हणाली, “त्या सिस्टर सांगतात त्या बाई तुम्हीच ना? त्या दिवशी दुकानात यांना माहीत नाही म्हणालात.”

“मीच.”

“मग तुमचं बाळ?”

“गेलं. हृदयाने गेलं. दुधाने नाही.”

हे मी मोठ्याने पहिल्यांदाच म्हटलं. तिने आपलं पोर जरा जवळ ओढलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि तिचं तर नुकतंच पोळलेलं. मी काही समजावायला गेले नाही. मी तिच्या जागी असते तर मला बाहेर काढलं असतं. थोड्या वेळाने तिने हात पुढे केला. “द्या. शिकवा.”

मी भांडं तिच्या हातात दिलं नाही. ड्रायव्हरकडे दिलं.

“आधी हे.”

“अहो, त्यांना नाही जमायचं,” ती म्हणाली. “त्यांचे हात बघा. द्या इकडे, मी करते.”

हेच वाक्य मी घरात रोज म्हणायचे. तू बाटली हातात घेतलीस की, दे इकडे. तू बाळाला उचललंस की, मान धर, अशी नाही, राहू दे. दुसऱ्या बाईच्या तोंडून ऐकलं तेव्हा कळलं, ते कसं ऐकू येतं. ड्रायव्हर खरंच एक पाऊल मागे सरकला होता.

मी तिला म्हटलं, “यांना जमेल. बस चालवतात ना? अंगठा म्हणजे ब्रेक समजायचा.” तो हसला आणि भांडं नीट धरलं.

बाळाला त्याच्या मांडीवर ताठ बसवलं. तोटी गालाच्या आतल्या बाजूला. अंगठा उचलायचा, जरासं दूध जाऊ द्यायचं, अंगठा ठेवायचा, आणि मग गळ्याकडे बघत थांबायचं. गिळलं की पुन्हा. पहिल्यांदा बाळाने सगळं बाहेर काढलं. दुसऱ्यांदा निम्मं. मग एकदा गळा हलला, आणि ड्रायव्हरने माझ्याकडे असं पाहिलं की जणू त्यानेच गिळलं. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून बायकोने पदराने पुसला. बाळ बराच वेळ पीत होतं. मध्येच दमून डोळे मिटायचं, पुन्हा उघडायचं, पुन्हा गिळायचं. संपल्यावर खांद्यावर घेतलं तर ढेकर आली. ती बाई रडायला लागली. मी भांडं घासायला घेतलं.

घासताना त्याला झाकण दाखवलं. ते दोन्ही बाजूंनी बसतं. भोक नेहमी आपल्या बाजूला ठेवायचं. झाकण उलटं बसलं तर भोक तोटीकडे जातं, अंगठा पोचत नाही आणि ब्रेकच राहत नाही.

“मग तसं पाजताच येणार नाही?” त्याने विचारलं.

“येतं. पण थेंब थेंब, सगळं मनगटावर तोलून. फार अवघड.”

“कुणाला जमतं का?”

“एकाला जमलं होतं,” मी म्हटलं.

आता तुला सांगते. त्या दुपारी मी अंघोळीला गेले होते. तुझी आई झोपली होती. मी बाहेर आले तेव्हा बाळ पाळण्यात झोपलेलं होतं, तू गॅलरीत पाठमोरा उभा होतास आणि भांडं फळीवर होतं. झाकण उलटं बसवलेलं. मी ते कधी उलटं बसवत नाही, आणि तुझ्या आईला तर ते उघडताही येत नाही. मी झाकण सरळ केलं आणि काही बोलले नाही. मनात म्हटलं, बाळ उठलं की बोलू. संध्याकाळी तो गेला. त्यानंतर तू त्या वाक्याने सगळं भांड्यावर ढकललंस आणि मी ढकलू दिलं. तू पाजलंस हे मला माहीत होतं. मला माहीत आहे हे तुला माहीत नव्हतं. तू तिकडे त्या अंधारात कशापासून लपून बसला आहेस, ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

आता मान हलवू नकोस, नीट वाच. मी झाकण सरळ करताना आत पाहिलं होतं. भांडं रिकामं होतं, तळाला थेंबही नव्हता. त्याचं लाळेरं कोरडं होतं. दुपटं कोरडं होतं, उशी कोरडी होती. माझ्या हातून रोज निम्मं सांडायचं. तुला कुणी शिकवलं नव्हतं, झाकण उलटं होतं, अंगठ्याचा काही उपयोग नव्हता, आणि तरी तू त्याला थेंबाथेंबाने सगळं पाजलंस. त्याचं शेवटचं दूध तुझ्या हातचं होतं, आणि तो पोटभर पिऊन झोपला होता.